पावसाळा आणि दवाखान्याची वही

(कुटुंबवैद्यांच्या संघटनेच्या सभासदांपुढे पावसाळ्याच्या तोंडावर झालेल्या भाषणाचा मजकूर)



पावसाळा सुरू होण्याच्या सुमारास सभासदांपुढे साथीच्या आजारांची उजळणी करण्याचा प्रघात वैद्यकीय संघटनांत जुना आहे. ताप कोणता, तपासणी कोणती, औषधाची मात्रा किती, एवढे सांगून अशी भाषणे सहसा आटोपतात. ही उजळणी आवश्यक आहेच आणि ती पुढे होईल. परंतु मात्रा छापील पत्रकातही मिळतात. एखाद्या वस्तीत रोग शिरला आहे हे सर्वांत आधी कोणाला कळते, याचे उत्तर मात्र कोणत्याही पत्रकात नसते. ते महापालिकेला कळत नाही, जिल्हा रुग्णालयाला कळत नाही, वर्तमानपत्रांना तर नाहीच नाही. ते कळते कोपऱ्यावरच्या दवाखान्यात बसलेल्या डॉक्टरला. आणि दुर्दैव असे की, आपल्याला काही कळले आहे याची त्या डॉक्टरलाही पुष्कळदा जाणीव नसते.

हे कोडे वाटेल. परंतु ते अगदी साधे आहे. एका पेठेत दहा दवाखाने आहेत. एका आठवड्यात त्या पेठेतील दहा माणसांचे डोळे पिवळे होतात आणि दहाही जण निरनिराळ्या दवाखान्यांत जातात. प्रत्येक डॉक्टर काविळीचा एक रुग्ण पाहतो, त्याला योग्य तो सल्ला देतो आणि पुढच्या रुग्णाला आत बोलावतो. एका रुग्णात चिंता करण्यासारखे काही नसते. दहा रुग्ण एकत्र पाहिले असते, तर ती जलवाहिनी फुटल्याची वर्दी ठरली असती. पण ते दहा एकत्र पाहणारा डोळाच त्या पेठेत नसतो.

इचलकरंजीत २०१२ साली काय घडले ते या दृष्टीने आठवावे. यंत्रमागांवर जगणारे ते कष्टकऱ्यांचे गाव. पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळले आणि हेपटायटिस ‘ई’ या विषाणूची कावीळ घरोघर पसरली. हा विषाणू शरीरात शिरल्यापासून डोळे पिवळे होईपर्यंत दोन ते दहा आठवडे जातात, सरासरीने पाच-सहा. म्हणजे पहिला रुग्ण दवाखान्याची पायरी चढतो तेव्हा ते दूषित पाणी महिनाभर आधीच पिऊन झालेले असते. त्यानंतर गेलेला प्रत्येक आठवडा हा आणखी काही शे घरांनी तेच पाणी पिण्याचा आठवडा असतो. एरवी ही कावीळ बहुतेकांना विश्रांतीने बरी होते. पण गर्भवती स्त्रीला, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, ती प्राणघातक ठरते. अशा स्त्रियांत मृत्यूचे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. तेव्हा पहिल्या दहा रुग्णांची बेरीज एक आठवडा आधी होणे आणि न होणे यांत जो फरक आहे, तो त्या गावातल्या बाळंतिणींच्या जिवाचा फरक आहे.

ही बेरीज करण्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही, हे एका खेड्यातल्या डॉक्टरने शंभर वर्षांपूर्वी दाखवून दिले. इंग्लंडमध्ये यॉर्कशायर परगण्यात वेन्सलीडेल नावाचे एक खोरे आहे. तेथील आयस्गार्थ गावी विल्यम पिकल्स हे साधे कुटुंबवैद्य होते. त्यांच्याजवळ होते काय? पाच-सहा हजार वस्तीची काही खेडी, रोजची फेरी आणि एक वही. साथीचा प्रत्येक रुग्ण कोणत्या गावचा, कोणत्या तारखेला आजारी पडला, त्याआधी तो कोणाला भेटला, हे ते टिपून ठेवीत आणि त्यांच्या पत्नी त्यावरून रंगीत तक्ते तयार करीत. १९२९ साली त्या खोऱ्यात काविळीची साथ आली आणि अडीचशेच्या आसपास लोक आजारी पडले. पिकल्स यांनी वही मागे मागे चाळीत नेली, तेव्हा धागा एका गावजत्रेपर्यंत पोहोचला. त्या दिवशी सकाळी ज्या मोलकरणीला त्यांनी अंथरुणात पाहिले होते, तीच पोर दुपारी उठून जत्रेला गेली होती! त्या एका दिवसावरून त्यांना या काविळीचा सुप्तकाल काढता आला: २६ ते ३५ दिवस. मोठमोठ्या विद्यापीठांना तोवर जे नक्की सांगता येत नव्हते, ते खेड्यातल्या वहीने सांगितले. त्यांचे पुस्तक १९३९ साली निघाले, आणि पुढे ब्रिटनमध्ये कुटुंबवैद्यांची स्वतंत्र महासंस्था स्थापन झाली, तेव्हा १९५३ साली तिचे पहिले अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. १९६० च्या दशकापासून त्या देशातील निवडक दवाखाने दर आठवड्याला आपल्या रुग्णांचे आकडे मध्यवर्ती कचेरीत पाठवीत आले आहेत. हिवाळ्यात फ्लूची साथ चढू लागली हे तेथे आधी दवाखान्यांच्या आकड्यांत दिसते, रुग्णालये भरण्याची वाट पाहावी लागत नाही.

आता पावसाकडे वळू. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच शहरात, त्याच काळात, कुलाब्याला पडलेला पाऊस ७५ मिलिमीटरही भरला नाही. एकाच महापालिकेच्या हद्दीत एका टोकाला प्रलय आणि दुसऱ्या टोकाला नेहमीचा पावसाळी दिवस! कुर्ला, कलिना, मिठी नदीच्या काठच्या वस्त्या येथे लोक छातीभर पाण्यातून घरी गेले, पुढे कित्येक दिवस गाळ उपसत राहिले. पाणी ओसरल्यावर ऑगस्टमध्ये लेप्टोस्पायरोसिसची साथ उसळली. त्या महिन्यात ताप घेऊन आलेल्या माणसाला ‘तू राहतोस कुठे आणि त्या दिवशी होतास कुठे’ हा एक प्रश्न विचारला असता, तर निम्मे निदान तेथेच झाले असते. मुंबईतील साथ अशी पत्त्यावरून चालते. आणि पत्ता हीच गोष्ट आजही बहुतेक केसपेपरांवर नसते. असते ते नाव, वय आणि औषधांची यादी.

लेप्टोचे जंतू उंदरांच्या, तसेच गुरे, डुकरे व कुत्री यांच्या लघवीतून पाण्यात उतरतात आणि पायाच्या भेगांतून, जखमांतून माणसात शिरतात. साधारणतः पाच ते चौदा दिवसांनी एकाएकी ताप भरतो. पोटऱ्या इतक्या दुखतात की माणसाला उठून उभे राहणे कठीण होते; डोळे लाल होतात, पण चिपडे येत नाहीत. या टप्प्यावर साधे, स्वस्त प्रतिजैविक काम करते. हा टप्पा हुकला तर कावीळ, लघवी कमी होणे, थुंकीतून रक्त पडणे ही वाट सुरू होते. मग डायलिसिस, मग अतिदक्षता विभाग आणि कष्टकऱ्याच्या घराचे कर्जात बुडणे. येथे एक गोष्ट ठासून सांगितली पाहिजे. या रोगाची रक्तातील प्रतिपिंडांची तपासणी पहिल्या पाच-सात दिवसांत पुष्कळदा निर्दोष येते. म्हणून तपासणी निर्दोष आली एवढ्यावरून लेप्टो नाही असे ठरवू नये. पाण्याचा संबंध आणि लक्षणे जुळत असतील तर अहवालासाठी न थांबता उपचार सुरू करावा. तुंबलेल्या पाण्यातून गेलेल्यांना ७२ तासांच्या आत डॉक्सिसायक्लिनची २०० मिलिग्रॅमची एक मात्रा प्रतिबंधासाठी द्यावी. गर्भवती आणि आठ वर्षांखालील मुले यांना ती न देता अॅझिथ्रोमायसिन द्यावे, अशा सूचना मुंबई महापालिका देत आली आहे. ज्यांना रोजच त्या पाण्यात उतरावे लागते त्यांचे काम एका मात्रेने भागत नाही. गटारे साफ करणारा कंत्राटी कामगार, तबेल्यातला गडी, मंडईतला हमाल, कोकणात भातलावणीसाठी दिवसभर चिखलात वाकलेली बाई: यांचा धंदा हाच त्यांचा रोगाशी असलेला करार असतो. त्यांना गमबूट कोण देणार, हा प्रश्न औषधाच्या चिठ्ठीवर लिहिता येत नाही. पण धंद्याची नोंद असेल तर एकाच ठेकेदाराचे चार कामगार एका आठवड्यात तापाने आडवे झाले, हे तरी पुराव्यानिशी मांडता येईल.

यानंतर इंजेक्शनाचा प्रश्न. तापाच्या रुग्णाला पहिल्या भेटीत एक सुई टोचावी, जमल्यास सलाईनची एक बाटली लावावी, ही रीत शहरांतल्या वस्त्यांत आणि तालुक्याच्या गावांत मुरलेली आहे. ती अशास्त्रीय आहे हे सांगण्यासाठी या सभेची गरज नाही. प्रत्येक सभासदाला ते ठाऊक आहे. ताप उतरावा म्हणून पुष्कळदा डायक्लोफिनॅकचे इंजेक्शन दिले जाते. ताप डेंग्यूचा असेल तर त्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो, लेप्टोचा असेल तर आधीच संकटात असलेल्या मूत्रपिंडांवर घाला पडतो. (हेच औषध दिलेल्या गुरांचे मृतदेह खाऊन गिधाडे मरू लागली, तेव्हा २००६ साली सरकारने त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आणली. गिधाडांच्या मूत्रपिंडांची कदर झाली, हे चांगलेच झाले.) शिवाय सुईने काही तास ताप दबतो, रुग्ण कामावर जातो आणि निदानाचे पहिले दोन दिवस हातचे निघून जातात.

मग ही रीत चालते का? रुग्ण अडाणी आहे म्हणून, असे उत्तर देण्याची सोय आहे. परंतु ते उत्तर खरे नव्हे. रोजंदारीवर जगणाऱ्या माणसाला आजाराची भीती असते त्याहून बुडालेल्या रोजाची भीती अधिक असते. उद्या कामावर गेलो नाही तर मुकादम दुसरा माणूस उभा करील, हे त्याला पक्के माहीत असते. सुई मागताना तो वास्तविक उद्याचा रोज मागत असतो. दुसरी बाजू डॉक्टरची. दहा मिनिटे बोलून, पोट तपासून, ‘आज फक्त पॅरासिटामॉल, भरपूर पाणी, परवा पुन्हा ये’ असे सांगितले तर त्याची फी द्यायला रुग्णाचा हात खिशाकडे जात नाही. सुईचे पैसे मात्र तो मुकाट्याने देतो. सल्ल्याला किंमत नाही आणि वस्तूला आहे, या बाजारी व्यवस्थेत डॉक्टर आणि रुग्ण दोघेही सारखेच अडकले आहेत. एकट्या डॉक्टरने सुई बंद केली तर रुग्ण समोरच्या दवाखान्यात जातो. त्याने एकट्याने हौतात्म्य पत्करावे असे उपदेश निरर्थक होत. पण एका वॉर्डातील सर्व दवाखान्यांनी एकाच दिवशी एकाच मजकुराची पाटी लावली, की तापात निदानापूर्वी सुई दिली जाणार नाही आणि तपासणीची फी अमुक राहील, तर रुग्णाला जायला समोरचा दवाखाना उरत नाही. गिरणी कामगाराला जे संघटनेवाचून साधत नसे ते डॉक्टरलाही संघटनेवाचून साधणार नाही. सभासद वर्गणी भरतात ती अशाच कामासाठी असली पाहिजे.

डेंग्यूविषयी थोडे. पहिल्या पाच दिवसांत एन.एस.वन आणि त्यानंतर आय.जी.एम. ही तपासणी करावी, हे आता सर्वश्रुत आहे. सर्वश्रुत नाही ते हे, की डेंग्यूचा खरा धोका ताप असताना नसून तो उतरू लागताना असतो. तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान रक्तातील द्रव वाहिन्यांबाहेर झिरपू लागतो. ताप गेला म्हणून घरची मंडळी निश्चिंत होतात आणि नेमक्या त्याच वेळी पोटात तीव्र दुखणे, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, कमालीची सुस्ती ही चिन्हे दिसू लागतात. ‘ताप उतरला की पुन्हा दाखवायला या’ हे वाक्य डेंग्यूच्या प्रत्येक रुग्णाला सांगितलेच पाहिजे. प्लेटलेटच्या आकड्याने घाबरून नातेवाईक रक्तपेढ्यांकडे धावतात. रक्तस्राव नसेल तर दहा हजारांच्या वर असलेल्या आकड्यासाठी प्लेटलेट देण्याचे सहसा कारण नसते. ही धावपळ कुटुंबवैद्याच्या दोन शब्दांनी थांबू शकते, कारण त्या घराचा विश्वास त्याच्यावर असतो.

हिवतापाबाबत मुंबईचा इतिहास बोलका आहे. १९११ साली डॉ. बेंटली यांनी या शहरातील हिवतापाचा अहवाल सादर केला आणि बोट दाखवले ते घराघरांतील विहिरींकडे. विहिरी झाकण्याचा प्रश्न येताच धर्मभावना दुखावल्याची ओरड झाली. आज विहिरींची जागा इमारतींवरच्या उघड्या टाक्यांनी आणि बांधकामाच्या जागी साठवलेल्या पाण्याने घेतली आहे, आणि तेथे दुखावतात त्या भावना निराळ्या असतात. औषधाचे सांगायचे तर व्हायव्हॅक्स हिवतापात तीन दिवसांच्या क्लोरोक्विनने ताप जातो, रोग जात नाही. यकृतात दडलेले जंतू मारण्यासाठी चौदा दिवस प्रायमाक्विन लागते. गर्भवती, तान्ही मुले आणि जी-सिक्स-पी-डी या विकराची कमतरता असलेले रुग्ण सोडून. बांधकाम मजूर चौथ्या दिवशी कामावर जातो, गोळ्या सोडतो, दोन महिन्यांनी गावी जातो आणि तेथे त्याला पुन्हा थंडी वाजते. चौदा गोळ्या मोजून हातात देणे आणि सातव्या दिवशी कंपाउंडरकरवी चौकशी करणे, एवढेच करायचे आहे.

जुलाबांवर अधिक बोलण्याची गरज नसावी. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याने माणसे मरत होती, शिरेतून द्यायचे सलाईन संपले होते, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी पिंपांत कालवून नातेवाइकांच्या हाती दिले आणि मृत्यूंचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आणले. असे असता आजही पाणी पिऊ शकणाऱ्या मुलाला बाटली लावली जाते. ओ.आर.एस. आणि मुलांना चौदा दिवस जस्ताची गोळी, हाच उपचार. ‘ओ.आर.एस.’ हे नाव मिरवीत गोड सरबते विकणाऱ्यांना ते नाव वापरण्यास अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये मनाई केली. तरी दुकानातून नेमके काय आणले, हे आईला डबी दाखवायला सांगून पाहणे चांगले.

ग्रामीण भागातील सभासदांसाठी मण्यारीचा उल्लेख हवा. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री मण्यार चावते. दंशाची खूण पुष्कळदा दिसत नाही, सूज नसते. पहाटे पोटात कळा येतात, मग पापण्या जड होतात, गिळता येत नाही. पोटदुखीचे इंजेक्शन देऊन असा रुग्ण घरी पाठवला तर तो श्वास बंद पडून मरतो. पावसाळ्यातल्या पहाटेच्या पोटदुखीत आधी पापण्या पाहाव्यात. विंचू आणि साप यांच्या विषावर जगाने दखल घ्यावी असे काम महाडसारख्या गावी राहून डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी केले, तेही प्रत्येक रुग्णाची काटेकोर नोंद ठेवूनच. देशात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने दर वर्षी सरासरी ५८ हजार माणसे दगावली असा अंदाज आहे. सरकारी नोंदीत मात्र त्यांचा लहानसा अंशच दिसत होता. सर्पदंश हा नोंद करण्याजोगा आजार ठरवावा, असे केंद्राने राज्यांना २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये कळवले.

पुन्हा नोंदीपाशीच आलो. डॉक्टर नोंद पाठवीत नाहीत याची कारणे सभासद एकमेकांत मोकळेपणाने बोलतात, ती येथेही बोलली पाहिजेत. वेळ नाही हे एक. कळवले तर निरीक्षक दारात येईल, त्याला पाहून रुग्ण बिचकेल आणि दवाखाना बदलेल, हे दुसरे. कळवून पुढे काय झाले हे कोणी सांगत नाही, हे तिसरे, आणि ते सर्वांत खरे. क्षयरोग २०१२ साली नोंदीस पात्र ठरवला गेला तेव्हा कागद बराच काळ कोरेच राहिले. २०१८ साली शिक्षेचा धाक आला. पण खासगी दवाखान्यांकडून नोंदी वाढल्या त्या मुख्यतः मोफत औषधे आणि मोफत तपासणी रुग्णापर्यंत पोहोचू लागल्यावर. सरकारने २००४ पासून एकात्मिक रोगसर्वेक्षणाची यंत्रणा उभारली आहे. तिच्यात सरकारी केंद्रांचे आकडे जातात. पण शहरातला गरीब तापकरी पहिल्यांदा जातो तो खासगी दवाखान्यात, आणि तेथला आकडा टेबलाच्या खणात राहतो.

म्हणून संघटनेपुढे एक साधी सूचना आहे. १ जून ते ३१ ऑक्टोबर या पाच महिन्यांत प्रत्येक सभासदाने एक वही ठेवावी. तिच्यात पाच रकाने असावेत: तारीख, वय, राहण्याची गल्ली किंवा चाळ, धंदा आणि लक्षणगट. लक्षणगट चारच: ताप, कावीळ, जुलाब, दंश. रुग्णाचे नाव लिहू नये. त्यामुळे बिचकण्याचे कारण राहत नाही. वही कंपाउंडरही भरू शकतो. दर शनिवारी रात्री प्रत्येक वॉर्डातील एका सभासदाने फोनवरून सर्वांचे आकडे गोळा करावेत. एका गल्लीतून एका आठवड्यात काविळीचे तीन किंवा जुलाबांचे दहा रुग्ण आले तर सोमवारी सकाळी वॉर्डाच्या आरोग्य अधिकाऱ्याकडे संघटनेचे पत्र जावे, एकट्या डॉक्टरचे नव्हे. पत्राची पोच घ्यावी आणि आठ दिवसांत पाण्याचा नमुना तपासला गेला किंवा नाही, हे पुढच्या शनिवारी सर्व सभासदांना कळवावे. पत्राला उत्तर आले नाही तर त्या वॉर्डाच्या नगरसेवकाला आणि वस्तीतील कामगार संघटनांना त्याची प्रत द्यावी.

वह्या छापून तयार आहेत. त्या सभेनंतर दाराशी मिळतील. प्रत्येकाने एक घ्यावी, आणि शेजारच्या आयुर्वेद किंवा होमिओपथीच्या डॉक्टरसाठी दुसरी न्यावी. ते सभासद नसले तरी रुग्ण त्यांच्याकडेही जातात.